दोन चि. आणि एक अंतरपाट

मार्च 2022 मध्ये बीड शहरात एक लग्न लागलं. नवरदेव बाळू, नवरी सपना. सपना तृतीयपंथी. लग्नाची जबाबदारी उचलली ती शहरातल्या पत्रकार मंडळींनी. एरवी दुसऱ्यांच्या लग्नाच्या बातम्या छापणारी ही माणसं त्या दिवशी यजमान झाली होती. अक्षता पडल्या त्या खंडोबाच्या देवळात.

बीडहून धुळे-सोलापूर महामार्गानं दक्षिणेकडे निघालं, की येरमाळा, धाराशिव, तुळजापूर अशी गावं लागतात. पुढं हैदराबादच्या रस्त्याला वळलं की नळदुर्ग. नळदुर्गचा खंडोबा आणि त्याची बाणाई हे या भागाला नवं सांगायला नको. म्हाळसेशी रीतसर लग्न झालेला हा देव धनगराच्या बाणाईवर भाळला, तिच्यासाठी मेंढरं राखत हिंडला आणि घरी म्हाळसेचा राग ओढवून घेतला. बाणाईशी त्याचं लग्न नळदुर्गात लागलं, असं एक आख्यायिका सांगते. वाघ्या-मुरळी जागरणात ही गोष्ट रात्र रात्र आळवतात आणि पुढ्यात बसलेली म्हातारी माणसं हसत हसत ऐकतात. घरातल्या पोरानं जातीबाहेर सूत जमवलं तर हीच माणसं काय करतील, हा वेगळा प्रश्न. पण घरच्यांना न पटलेलं लग्न ही कल्पना इथल्या देवळालाही परकी नाही, एवढं खरं.

बीडच्या लग्नाची कौतुकानं बातमी झाली आणि अनेकांनी त्याला समलिंगी लग्न म्हटलं. ते तसं नव्हतं. स्वतःला स्त्री मानणारी सपना आणि पुरुष बाळू, हे कायद्याच्या नजरेत स्त्री-पुरुषाचं लग्न. मद्रास उच्च न्यायालयानं एप्रिल 2019 मध्ये तुतिकोरिनच्या एका जोडप्याच्या प्रकरणात सांगितलं, की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीही येते. पुढं समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पीठातल्या पाचही न्यायाधीशांनी पारलिंगी व्यक्तीचा असा विवाह आजच्या कायद्यात बसतो, यावर एकमत दाखवलं. अडचण आहे ती दोन पुरुषांची आणि दोन स्त्रियांची. त्यांच्यासाठी नोंदणी कार्यालयाचं दार बंद आहे. मांडवाचं मात्र नाही, आणि हा लेख मुख्यतः मांडवाविषयी आहे.

असे मांडव महाराष्ट्रात पडले आहेत. डिसेंबर 2017 च्या अखेरीस यवतमाळात पडला. आयआयटीत शिकून अमेरिकेत स्थायिक झालेला इथला एक मुलगा आपल्या व्हिएतनामी जोडीदाराला घेऊन गावी आला आणि एका हॉटेलात, सत्तर-ऐंशी पाहुण्यांसमोर दोघांनी लग्न केलं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 अजून कायद्याच्या पुस्तकात होतं. ते समलिंगी संबंधांपुरतं रद्द झालं 6 सप्टेंबर 2018 रोजी. अमेरिकेत बिनधोक करता येणारं लग्न यवतमाळातच करायचं, हा त्या मुलाचा हट्ट समजून घेण्यासारखा आहे. ज्या गावात लहानपणी दुसऱ्यांच्या वरातीत नाचलो, तिथंच आपली वरात निघावी, असं कुणालाही वाटतं.

डिसेंबर 2021 मध्ये नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी नातेवाइकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या आणि लग्न गोव्यात करू असं जाहीर केलं. त्याच महिन्यात हैदराबादजवळच्या एका रिसॉर्टवर सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांचा सोहळा झाला. एक बंगाली, दुसरा पंजाबी, विधी दोन्हीकडचे. पौरोहित्य केलं सोफिया डेव्हिड या त्यांच्या पारलिंगी मैत्रिणीनं. याच सुप्रियोच्या नावानं पुढं सर्वोच्च न्यायालयातला समलिंगी विवाहाचा खटला ओळखला गेला.

त्या खटल्याचा निकाल 17 ऑक्टोबर 2023 रोजी लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल, भट, कोहली, नरसिंहा असं पाच जणांचं पीठ होतं. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालयाला नव्यानं लिहिता येणार नाही, यावर पाचही जण एकमतानं बोलले. निदान जोडीदारीला कायद्यानं मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फाटाफूट झाली. चंद्रचूड आणि कौल अल्पमतात गेले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेकडे आहे, असं म्हणायची पद्धत आहे. तिथं कुणी तो उचलल्याचं दिसलेलं नाही. दरम्यान नेपाळात नोव्हेंबर 2023 मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली आणि थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू झाला.

निकालाचा मराठीत नेहमी गाळला जाणारा भाग असा, की दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं, एकमेकांना जोडीदार म्हणणं हा त्यांचा हक्क आहे, असं त्याच न्यायालयानं मान्य केलं. अशा जोडप्यानं कार्यालय घेऊन, पाहुणे बोलावून, हार घालून जेवण दिलं तर त्याला मनाई करणारा कायदा भारतात नाही. त्या समारंभानंतर ते कायद्यानं विवाहित होत नाहीत, एवढंच. भटजी, काझी, भंते, पाद्री यांनी यावं की न यावं, हा त्यांचा प्रश्न.

मग पौरोहित्य कुणी करायचं? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राकडे दीडशे वर्षांपासून आहे. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. नवरा सीताराम आल्हाट, नवरी राधा निंबणकर. भटजी नाही, खर्च पान-सुपारीचा. मंगलाष्टका जोतीरावांनी स्वतः रचल्या आणि त्यात वधूलाही बोलायला जागा दिली. ती स्त्रियांच्या हक्काचं बोलते आणि वर तिला वचन देतो. पुरोहितांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी कज्जेदलाली केली. ओतूरच्या अशाच लग्नाचं प्रकरण तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आज आपल्या मनासारखं लग्न म्हणून रिसॉर्टवाले जे पॅकेज विकतात, त्याचा मूळ पुरुष पुण्याच्या गंजपेठेत राहत होता.

नंतरही ही परंपरा आटली नाही. मराठवाड्यात बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमेपुढं, पांढऱ्या कपड्यांत, प्रतिज्ञा घेऊन लागणारी लग्नं गावोगाव दिसतात. धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेबांची परिषद झाली होती. त्या पंचक्रोशीत होमाशिवाय लागलेलं लग्न कुणाला अर्धवट वाटत नाही. पुण्यात शंकरराव थत्त्यांनी 1970 च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञानप्रबोधिनीनं मंत्रांचा मराठीत अर्थ सांगत लग्न लावायची पद्धत रुळवली. म्हणजे विधी कापणं, जोडणं, त्यातला शब्द बदलणं हे मराठी माणसानं आधीच करून ठेवलेलं आहे. दोन नवरदेवांच्या किंवा दोन नवरींच्या लग्नात त्याच कात्रीनं थोडं पुढं कापायचं असतं.

कात्री पहिल्यांदा लागते ती पत्रिकेला. मराठी पत्रिकेचं व्याकरण पक्कं: मुलाच्या नावामागं ‘चि.’, मुलीच्या नावामागं ‘चि. सौ. कां.’. दोन मुलं असतील तर दोन चि. एकाखाली एक येतात आणि छापखान्यातला मुलगा हमखास फोन करून विचारतो, “दादा, एका ठिकाणी टायपिंगची चूक झालीय का?” दोन मुली असल्या तर प्रश्न आणखी नाजूक. सौभाग्यकांक्षिणी या शब्दातलं सौभाग्य नवऱ्यावर टेकलेलं आहे. तिथं नुसतं ‘चि.’ लिहिलेलं बरं. चिरंजीव व्हावं ही इच्छा मुलींनाही लागू पडते. ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ ही जुन्या पत्रिकांतली ओळ तर आता स्त्री-पुरुषांच्या लग्नातूनही गेली, आणि गेली ते चांगलं झालं. माथ्यावर ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’ राहू द्यायला काहीच हरकत नाही. धाराशिवकडच्या बहुतेक घरांत ती दोन्ही बाजूंची कुलस्वामिनी निघते आणि निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

हळदीचं बघा. नवरदेवाला लागलेली हळद मग नवरीकडं जाते, ती उष्टी हळद. दोन नवरदेव असले तर कोण कुणाची उष्टी लावून घेणार? एकाच परातीत कालवावी आणि दोन्हीकडच्या सवाष्णींनी दोघांना लावावी, हे सोपं. इथं सवाष्णीच कशाला, विधवा आत्यालाही पुढं बोलवावं. एकदा रीत मोडायचीच आहे तर जिला वर्षानुवर्षं भिंतीपाशी बसवलं तिला आधी उठवावं.

अंतरपाटाला मात्र हात लावायची गरज नाही. मराठी लग्नातला हा सगळ्यात देखणा विधी स्त्री-पुरुष असा भेदच करत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी, मध्ये एक कापड, भोवती अक्षता घेतलेले हात, आणि शेवटचं ‘सावधान’ झालं की कापड बाजूला. ‘सावधान’ ऐकून जांबचा नारायण बोहल्यावरून पळाला आणि समर्थ रामदास झाला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. समलिंगी मुलगे-मुलींच्या बाबतीत ती वेगळ्या तऱ्हेनं घडते: घरच्यांनी ठरवलेल्या बोहल्यावरून पळता न आलेली कितीतरी माणसं आज पन्नाशीत आहेत. त्यांचं लग्न झालं, बायकोचंही आयुष्य त्यात गेलं. पुण्यात 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर सातत्यानं लिहिलं, तेव्हा ही जबरदस्तीची लग्नं त्यात पुनःपुन्हा आली. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा मराठी प्रेक्षकाला स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री दिसली ती एकटी पडत गेलेली. तिच्या लग्नाची पत्रिका कुणाला सुचलीही नसती.

मंगलाष्टका घरीच रचायची आपल्याकडं जुनी हौस आहे. शार्दूलविक्रीडित वृत्तात आत्या-मावश्यांची नावं कोंबून केलेल्या त्या रचना वृत्तात बसोत न बसोत, मांडवात टाळ्या घेतात. तीच संधी इथं आहे. सप्तपदीचंही तसंच, सात पावलांना सात मराठी वचनं. कोण स्वयंपाक करणार, कुणाच्या आईबापांना म्हातारपणी आपल्याकडं ठेवायचं, पगार कसा वापरायचा, असल्या गोष्टी तिथं आल्या तर पाहुणे कान देऊन ऐकतात. संस्कृतात गृहस्थाश्रमाचं सगळं सांगून होतं आणि मागं बसलेले जेवणाच्या हॉलकडं बघत असतात.

कन्यादान मात्र वगळावं. दोन मुलगे असले तर दान करायला कन्या नाही, आणि दोन मुली असल्या तर घ्यायला जावई नाही, दोन्ही बाप दाते होऊन बसतात. त्याऐवजी दोन्हीकडच्या आईवडिलांनी चौघांनी मिळून दोघांच्या हातांवर पाणी सोडावं, हे पुरे. कानपिळी ठेवावी. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा तो विधी. इथं दोन्हीकडच्या भावांना कान मिळतात आणि आहेरही दुप्पट काढावा लागतो.

दागिन्याचा विचार आधी करावा, सराफाकडं ऐनवेळी नको. दोन मुली एकमेकींना मंगळसूत्र घालू शकतात, घालतातही. मुलं बहुधा साखळी, कडं किंवा अंगठी निवडतात. काळे मणी दोघांच्या मनगटात घातले तरी चालतात. पुरुषांनी काळे मणी घालू नयेत असं कुठल्या शास्त्रात आहे ते विचारलं, की मंडळी गप्प बसतात.

उखाण्याशिवाय मराठी लग्न उठत नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून बायकांनी यमकात लपवून घ्यायचं, यातून तो आला. ज्या नात्याचं नावच घ्यायची लोकांना चोरी, त्याच्या मांडवात या विधीला धार येते. सोलापूरकडून तुळजापूरला येणारा एखादा नवरदेव काहीसा असा उखाणा घेईल: “तुळजापूरच्या वाटेवर लागतं तामलवाडी गाव, शंभर माणसांत घेतो आज राहुलचं नाव.” राहुल कुठलाही. यमक जुळलं नाही तरी शिट्ट्या पडतात.

हे सगळं झालं वरवरचं. अशा लग्नाची खरी गंमत, आणि खरी कसोटी, निराळ्या ठिकाणी आहे: इथं वरपक्ष नाही.

आपलं सगळं लग्न या एका शब्दावर उभं असतं. वरपक्ष आला की वधूपक्ष उठून उभा राहतो. मानपान, विहिणीची पंगत, वरमायचे पाय धुणं, हुंडा नाही म्हणत म्हणत दिलेली गाडी, कार्यालयाचं भाडं कुणाकडं, बस्ता कुणी बांधायचा, जेवणात मीठ कमी पडलं तर कुणी कुणाची क्षमा मागायची, हे सगळं आधीच ठरलेलं आहे ते एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला मुलगी आहे म्हणून. दोन्हीकडं मुलगेच असले, की दोन्ही घरं वरपक्ष होऊन बसतात आणि कुणीच उठत नाही. दोन्हीकडं मुली असल्या की दोन्ही घरं सवयीनं हात जोडून उभी. दोन वरमाया समोरासमोर आल्या तर रुसायचं कुणी?

म्हणून खर्चाची वही पहिल्या दिवशी उघडावी. निम्मा-निम्मा हा हिशेब ऐकायला सोपा, पण एका घरची तीनशे माणसं आणि दुसऱ्या घरून फक्त एक मावशी येणार असते, हे इथलं नेहमीचं वास्तव. ज्याच्या घरून कुणी येणार नाही त्याच्या बाजूच्या खुर्च्यांवर मित्र बसतात, ऑफिसातली माणसं बसतात, जुने शिक्षक बसतात. मामानं मुलाला बोहल्यावर आणायचं असतं. मामा नसेल तर कॉलेजातला रूममेट आणतो. ही नावं आधी ठरवावीत, त्यांना स्वतः जाऊन विचारावं, ऐनवेळी माईकवरून हाक मारू नये. मद्रास उच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये एका तरुणीला तिच्या घरच्यांच्या ताब्यातून सोडवताना म्हटलं, की कुटुंब उभं करायचा लग्न हा एकच मार्ग नाही आणि निवडलेलं कुटुंब ही कल्पना आता मान्य झालेली आहे. मांडवातल्या त्या खुर्च्यांवर बसलेलं हेच ते कुटुंब.

पाठवणी कुणाची करायची, हाही प्रश्न येतो. बहुतेकदा जोडपं पुण्यात किंवा मुंबईत भाड्याच्या घरात आधीच राहत असतं; पाठवणी झालीच तर दोघांची मिळून. माप ओलांडायचं असेल तर दोन मापं ठेवावीत. थोडे तांदूळ जास्त लागतील, एवढंच.

जागेचं साधं आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठंही कार्यालय घेताना मालकाला काय आहे ते आधी स्पष्ट सांगावं आणि पावती घ्यावी. लपवून घेतलेलं कार्यालय आदल्या दिवशी हातातून जातं, आणि मग वऱ्हाड रस्त्यावर. केटरर, बँडवाला, फोटोवाला यांनाही हेच. फोटोवाल्याशी आणखी एक बोलणं करावं: जोडप्याच्या परवानगीशिवाय एकही फोटो त्याच्या पानावर जाणार नाही. पाहुण्यांतला एखादा मुलगा स्वतःच्या घरी अजून काही बोललेला नसतो. अक्षता टाकताना टिपलेला त्याचा हसरा चेहरा त्याच्या गावी पोचला तर त्याची नोकरी, घर, सगळंच डुगडुगतं. मोबाइल बाहेर ठेवा म्हणणं आपल्या लग्नात अशक्य, पण एका बाजूला फोटो नको असणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडता येतात. धमकी आली असेल तर पोलिसांना लेखी कळवावं. नसेल तर उगाच कळवून गावभर करू नये. तारखेचं म्हणाल तर ऐन एप्रिल-मेच्या लग्नसराईत मराठवाड्यात कार्यालयाला पाणी टँकरनं येतं आणि आचारीही मिळत नाही. ज्यांना पंचांगातल्या मुहूर्ताची सक्ती नाही त्यांनी थंडीतली तारीख धरावी. जेवणात भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आला की बाकी चुका माफ होतात.

लग्नानंतर गोंधळ. धाराशिव जिल्ह्यात लग्न झालं आणि भवानीचा गोंधळ झाला नाही, तर आजीच्या लेखी लग्न झालंच नाही. चौकावर घट मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर गोंधळ्यांनी गावोगावच्या देवांना या हो म्हणून बोलवायचं. या विधीला नोंदणी कार्यालयाचा दाखला लागत नाही. देवीचा कुळाचार तो. लागतो तो तयार असलेला गोंधळी. त्याला सुपारी देताना खरं सांगावं, आणि तो बिचकला तर दुसऱ्याला विचारावं. या प्रांतातल्या देवीच्या परंपरेनं साडी नेसलेले जोगते पाहिलेले आहेत, त्यांच्या डोक्यावरच्या ‘जगा’पुढं, म्हणजे देवीच्या टोपलीपुढं, हात जोडलेले आहेत. पुरुषपणाचे सगळे नियम देवीपुढं तंतोतंत पाळले गेले, असा दावा इथं कुणी करू नये.

मांडव उतरला, की उरते फाइल. खरं तर ती मांडवाआधी तयार व्हायला हवी, कारण कायद्यानं न दिलेलं लग्न कागदांनी थोडंफार जोडून घ्यावं लागतं. इथं हयगय नको.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्याला संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. हे पहिलं काम, खर्च शून्य. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणं सगळं आईवडील, भावंडं यांच्याकडं जातं आणि वीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार दारात उभा राहतो. म्हणून दोघांनी मृत्युपत्र करावं. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. शेतजमिनीचं प्रकरण मात्र वेगळं. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागतो. जोडीदार शेतकरी नसेल तर सातबारा त्याच्या नावे लिहिण्याआधी वकील गाठावा. राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. इथं ती सवलत नाही.

आहेराचीही एक कायदेशीर गोष्ट आहे. लग्नात मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही. एरवी परक्याकडून वर्षात 50 हजारांवर भेट घेतली तर लागतो. पती-पत्नी एकमेकांना कितीही देऊ शकतात. समलिंगी जोडीदार आयकर खात्याच्या लेखी एकमेकांना परकेच, म्हणून मुंबईच्या एका जोडप्यानं 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान दिलं.

दवाखान्याचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. आपण शुद्धीवर नसताना उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, हे आगाऊ लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये ही सोय दिली, 2023 मध्ये सोपी केली. आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. त्यात जोडीदाराचं नाव घालावं. आणि ऑगस्ट 2024 मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून कळवलं, की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा. लग्नाच्या लेखात हे वाचायला बरं वाटत नाही. पण फाइल त्याच दिवसासाठी असते.

याच सुमारास अन्न व सार्वजनिक वितरण विभागानंही राज्यांना कळवलं, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावं. विवाह नोंदणीच्या नमुना ‘ड’ मध्ये पती आणि पत्नी असे दोनच रकाने आहेत, तिथं हे जोडपं बसत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत, गहू-तांदळाच्या निमित्तानं, एका घरात बसतं.

ज्यांच्या घरी अशी दोन चि. असलेली पत्रिका येईल, त्यांनी एवढं करावं: मुलांना अभिनंदनाचे फोन खूप येतात, त्यांच्या आईला आधी करावा. आणि अक्षतेला वेळेवर पोचावं, पंगतीपुरतं नको.